निलगिरी पाणी पिते, पण कोणती निलगिरी?

“निलगिरी लावली की विहीर आटते.” कन्हान, पारशिवनी, कामठी, मौदा, कुठल्याही पानठेल्यावर विषय काढा, हे वाक्य कानावर पडेलच. आणि तिथेच बाजूला कोणीतरी म्हणेल, “छे, झाडाने कुठं विहीर आटते का? उलट झाडं पाऊस आणतात.” दोघंही ठाम असतात. आणि गंमत म्हणजे दोघांनाही आपल्या बाजूने एखादा शोधनिबंध सापडू शकतो.

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे, अशा टप्प्यावर असलेल्या बऱ्याच जणांना हा विषय आवडतो. स्थानिक आहे, पर्यावरणाचा आहे, शेतकऱ्यांशी जोडलेला आहे. मग शीर्षक तयार होतं: ‘नागपूर जिल्ह्यातील निलगिरी लागवडीचा भूजलावरील परिणाम’. वाचायला छान वाटतं. पण आरआरसीसमोर पहिलाच प्रश्न येतो: कोणती निलगिरी? आणि इथे शीर्षक लंगडं पडतं.

या लेखात आपण त्या एका प्रश्नाचा पाठपुरावा करू. त्यासाठी थोडं लांब जावं लागेल, ऑस्ट्रेलियातल्या थंड डोंगरांवर, मग ऊटीला, मग कर्नाटकात, आणि शेवटी परत कन्हानला येऊ. प्रत्येक ठिकाणी आपल्या वाक्यातली एकेक गाळलेली जागा भरत जाईल.

एक नाव, शेकडो झाडं

‘निलगिरी’ हे झाडाचं मूळ नाव नाही, ते डोंगराचं नाव आहे. तमिळनाडूतल्या नीलगिरी पर्वतावर इंग्रजांनी १८५६ पासून जळाऊ लाकडासाठी या झाडांची पद्धतशीर लागवड सुरू केली. पुढे तिथून तेल आलं, सर्दी झाली की रुमालावर टाकायचं ते ‘निलगिरीचं तेल’, आणि तेलाबरोबर झाडालाही डोंगराचं नाव चिकटलं.

शास्त्रीय नाव युकॅलिप्टस. ग्रीकमध्ये अर्थ साधारण ‘नीट झाकलेलं’. फुलाच्या कळीवर टोपीसारखं झाकण असतं, फूल उमलताना ते गळून पडतं, म्हणून हे नाव. फ्रेंच शास्त्रज्ञ लेरितिए यांनी १७८८ मध्ये हे प्रजातीचं नाव दिलं. आज या प्रजातीत ७०० च्या आसपास जाती धरल्या जातात. जवळपास सगळ्या मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या. काही बर्फ पडणाऱ्या उतारावर वाढतात, काही वाळवंटातल्या कोरड्या नदीकाठी, काही माणसाच्या उंचीची झुडपं, तर काही तीस मजली इमारतीएवढी उंच.

आता मजा बघा. नीलगिरी पर्वतावर ज्या झाडाने हे नाव कमावलं, ते प्रामुख्याने युकॅलिप्टस ग्लोब्युलस. थंड, दमट हवेतलं झाड. आणि आपल्याकडे मैदानात, रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर जी ‘निलगिरी’ दिसते, ती बहुतेक वेळा युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस, युकॅलिप्टस कॅमाल्डुलेन्सिस किंवा त्यांच्या संकरातून निघालेले क्लोन. टेरेटिकॉर्निसच्या एका प्रकाराला आपल्याकडे ‘मैसूर गम’ म्हणतात. बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्सवर टिपू सुलतानाच्या काळात, १७९० च्या सुमारास लावलेल्या झाडांपासून हा प्रकार पसरला असं मानलं जातं.

म्हणजे कन्हानच्या बांधावरच्या झाडाला नाव मिळालं ते डोंगरावरच्या त्याच्या चुलतभावाचं. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. संशोधनात मात्र बिघडतं, कारण चुलतभावाचे आकडे आपण याच्या नावावर चढवतो.

थंड डोंगरातली निलगिरी

पाण्याच्या बाबतीत जगात ज्या निलगिरीचा फार बारकाईने अभ्यास झाला, ती आपल्या हवेत टिकणारसुद्धा नाही. तिचं नाव युकॅलिप्टस रेग्नन्स. ऑस्ट्रेलियात तिला ‘माउंटन ॲश’ म्हणतात. फर्डिनांड फॉन म्युलर यांनी १८७१ मध्ये तिचं वर्णन केलं. ‘रेग्नन्स’ म्हणजे राज्य करणारी, आणि नाव शोभतं. टास्मानियातलं ‘सेंच्युरियन’ नावाचं झाड सुमारे १०० मीटर उंच आहे. फुलं येणाऱ्या झाडांमध्ये जगातल्या सगळ्यात उंच जातींपैकी ही एक.

व्हिक्टोरिया राज्यातले डोंगर आणि टास्मानिया हे तिचं घर. थंड हवा, खोल माती, वर्षभर विभागून पडणारा भरपूर पाऊस, हिवाळ्यात कधीमधी बर्फ. आपल्या नागपूरलाही सरासरी हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे. रेग्नन्सला हे झेपणारं नाही.

तिची आणखी एक खासियत लक्षात ठेवा, पुढे लागेल. आपल्याकडची निलगिरी तोडली की बुंध्यातून धुमारे फुटतात आणि चार-पाच वर्षांत पुन्हा बल्ल्या तयार. रेग्नन्स सहसा तसं करत नाही. मोठा वणवा लागला की झाडं मरतात, पण मरताना फांद्यांवरच्या बोंडांतून बी खाली सांडतं. राखेने भरलेल्या उघड्या जमिनीवर ते बी उगवतं आणि हेक्टरी लाखोंनी रोपं येतात. म्हणजे एका वणव्यानंतर उभं राहिलेलं अख्खं जंगल एकाच वयाचं. निसर्गानेच केलेला प्रयोग म्हणा ना.

मेलबर्नचं पिण्याचं पाणी

मेलबर्न शहराला पिण्याचं पाणी मोठ्या प्रमाणात याच जंगलांतून येतं. जसं नागपूरला पेंच आणि कन्हान नद्यांचं पाणी येतं आणि पेंचच्या पाणलोटात सागाचं जंगल आहे, तसंच काहीसं. फरक इतकाच, की मेलबर्नच्या पाणीपुरवठा मंडळाने फार पूर्वीपासून आपल्या पाणलोटातल्या ओढ्यांच्या प्रवाहाची नोंद ठेवली होती.

१३ जानेवारी १९३९ ला व्हिक्टोरियात भयंकर वणवे पेटले. तो दिवस तिथे ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून ओळखला जातो. ७१ माणसं गेली, आणि रेग्नन्सची प्रचंड जंगलं जळाली. पुढच्या काळात त्या जागी नवं, दाट, एकाच वयाचं जंगल उभं राहिलं. हिरवंगार. कोणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, चला, जंगल परत आलं, आता पाणीही परत येईल.

झालं उलटंच. जंगल वाढत गेलं तसं ओढ्यांचं पाणी घटत गेलं. १९७० च्या दशकात लँगफर्ड यांनी ही घट नोंदींमधून दाखवली. १९८० च्या दशकात जॉर्ज कुचेरा यांनी तिला गणिती रूप दिलं, जो आलेख आज ‘कुचेरा वक्र’ म्हणून ओळखला जातो. त्यातले आकडे असे:

वर्षाला सुमारे १,८०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भागात, जुनं रेग्नन्स जंगल असेल तर ओढ्यांतून वाहून येणारं पाणी सुमारे १,२०० मिलिमीटर. जंगल जळून नवं आलं की साधारण २७ व्या वर्षी हाच आकडा ५८० मिलिमीटरच्या आसपास येतो. तिथून तो हळूहळू वर चढतो, पण पूर्ववत व्हायला १५० वर्षांपर्यंत वेळ लागू शकतो.

मिलिमीटर डोळ्यांसमोर येत नसेल तर लिटरमध्ये बघा. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. १,२०० वरून ५८० म्हणजे ६२० मिलिमीटरची घट. एका हेक्टरमागे, एका वर्षात, ६२ लाख लिटर पाणी ओढ्यात आलं नाही. हे रूपांतर पाठ करून ठेवा, जलविज्ञानाचा कुठलाही पेपर वाचताना उपयोगी पडतं.

असं का होतं?

झाड मुळांनी पाणी घेतं आणि पानांवाटे वाफ करून हवेत सोडतं, हे बाष्पोत्सर्जन आपण शाळेत शिकलोय. पण पाणी खोडाच्या सगळ्या भागातून वर चढत नाही. ते चढतं बाहेरच्या, ओल्या, फिकट रंगाच्या कड्यातून. त्याला सॅपवुड म्हणतात. आतलं गडद लाकूड फक्त आधार देतं.

तरुण जंगलात हेक्टरी झाडं खूप, प्रत्येकाचं बरंचसं खोड सॅपवुड, आणि वर पानांची दाट छत्री. म्हणजे पाणी वर नेणारे नळ जास्त आणि वाफ सोडणारा पृष्ठभागही जास्त. वय वाढतं तशी झाडं एकमेकांशी स्पर्धा करून मरतात, संख्या घटते. दोनशे वर्षांच्या जंगलात हेक्टरी मोजकीच अजस्र झाडं उरतात. एकेक झाड राक्षसासारखं असलं, तरी हेक्टरी सॅपवुडचं एकूण क्षेत्रफळ तरुण जंगलापेक्षा कमी असतं. खाली दुसरी झुडपं येतात, पण सावलीतल्या, दमट हवेतल्या त्या झुडपांचा पाण्याचा खर्च तेवढा नसतो.

आता आपल्या मूळ वाक्याकडे या. “निलगिरी पाणी पिते.” इथे जात तीच, डोंगर तोच, पाऊस तोच. तरीही उत्तर बदललं, केवळ वयामुळे. २७ वर्षांच्या जंगलात मोजमाप केलं असतं तर निष्कर्ष निघाला असता ‘निलगिरी पाणी संपवते’. २०० वर्षांच्या जंगलात केलं असतं तर ‘निलगिरीचं जंगल शहराला पाणी देतं’. दोन्ही मोजमापं बरोबर. निष्कर्ष मात्र दोन्ही अर्धवट.

पहिल्या दोन गाळलेल्या जागा सापडल्या: कोणती जात आणि कोणतं वय.

ऊटी: कशाच्या तुलनेत?

आता भारतात येऊ. ऊटीजवळ ग्लेनमॉर्गन इथे केंद्रीय मृदा व जलसंधारण संशोधन संस्थेच्या केंद्राने एक अभ्यास केला. पद्धत साधी आणि भक्कम, तिला जोडीच्या पाणलोटांची पद्धत म्हणतात.

शेजारी शेजारी असलेले दोन सारखे छोटे पाणलोट घ्यायचे. सुरुवातीला दोन्हींना हात लावायचा नाही, फक्त काही वर्षं दोन्हींतून वाहणारं पाणी मोजायचं. त्यामुळे दोघांमधलं नातं कळतं: ‘अ’ मधून इतकं वाहिलं की ‘ब’ मधून साधारण इतकं वाहतं. ग्लेनमॉर्गनला ही पायाभूत मोजणी १९६८ ते १९७१ अशी झाली. मग १९७२ मध्ये एका पाणलोटाच्या ५९ टक्के भागावर युकॅलिप्टस ग्लोब्युलस लावली, दुसरा होता तसा ठेवला, म्हणजे नैसर्गिक गवताळ माळ आणि ओघळींत शोला जंगल. पुढे दर वर्षी विचारायचं: जुन्या नात्यानुसार इथून जितकं पाणी यायला हवं होतं, त्यापेक्षा किती कमी आलं?

पहिल्या दहा वर्षांत वार्षिक प्रवाह सरासरी १६ टक्क्यांनी घटला. नंतर झाडं तोडली, बुंध्यांना धुमारे फुटले आणि दुसरी फेरी सुरू झाली. त्या फेरीत घट सुमारे २५ टक्के. दुसऱ्यांदा जास्त का? रोपाला मुळं खाली न्यायला वेळ लागतो, धुमाऱ्याला तयार मुळं मिळतात. त्याला पहिल्या दिवसापासून पाणी ओढता येतं. विदर्भात निलगिरी लावणारा शेतकरी बहुधा एकाच लागवडीतून दोन-तीन तोडण्या घेतो. म्हणून ‘पहिल्या फेरीतला प्लॉट की दुसऱ्या’ हा प्रश्न तुमच्या नोंदवहीत असायलाच हवा.

पण या अभ्यासातली खरी मेख वेगळीच आहे. इथे तुलना गवताशी आहे. गवताची मुळं उथळ, कोरड्या दिवसांत ते वाळतं आणि पाण्याचा खर्च थांबवतं. झाड थांबवत नाही. निलगिरीच्या जागी तिथे दुसरं कुठलं सदाहरित, वेगाने वाढणारं झाड लावलं असतं तरी काही घट दिसलीच असती. म्हणून ‘ऊटीत निलगिरीने १६ टक्के पाणी घटलं’ हे वाक्य अपुरं. ‘गवताळ माळाच्या तुलनेत’ हे तीन शब्द काढले तर अर्थच बदलतो.

तिसरी गाळलेली जागा: कशाच्या तुलनेत.

कर्नाटक: जमीन किती खोल?

१९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या लाटेत देशभर निलगिरी पसरली. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यात विनायकदादा पाटलांनी निलगिरी लावणाऱ्या शेतकऱ्यांना सहकारात एकत्र आणलं. कर्नाटकात लागवड मोठी होती आणि वादही मोठा पेटला. त्या वादाच्या पार्श्वभूमीवर ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट ऑफ हायड्रॉलॉजीचे इयन काल्डर आणि कर्नाटकातले त्यांचे सहकारी यांनी मोजमापं घेतली. हा अभ्यास तुम्ही मुळातून वाचाच, कारण तो दोन्ही बाजूंना गप्प करतो.

ही डोंगरावरची ग्लोब्युलस नव्हे, मैदानातली निलगिरी. म्हणजे कन्हानच्या जास्त जवळची. निष्कर्ष तीन होते.

एक, सुमारे तीन मीटर खोलीच्या मातीवर निलगिरीचा पाण्याचा खर्च स्थानिक कोरड्या पानझडी जंगलापेक्षा जास्त नव्हता. दोघंही जवळपास पडलेला सगळा पाऊस वापरून टाकत होते.

दोन, नाचणीसारख्या हंगामी पिकाच्या मानाने निलगिरीचा आणि जंगलाचाही खर्च बराच जास्त, साधारण दुप्पट होता.

तीन, बेंगळुरूजवळ होसकोटे इथे माती खूप खोल, आठ मीटरच्या आसपास होती. तिथे निलगिरीने पडलेल्या पावसापेक्षाही जास्त पाणी वापरलं. आता पावसापेक्षा जास्त पाणी आणलं कुठून? मुळं वर्षाला अडीच मीटरपेक्षा जास्त वेगाने खाली जात होती आणि मातीच्या खालच्या थरांत आधीच्या वर्षांपासून साठलेली ओल उपसत होती. बँकेतल्या व्याजावर न भागता मुद्दलाला हात घालावा, तसं.

बघा, एकाच अभ्यासात ‘निलगिरी जंगलाइतकीच’ आणि ‘निलगिरी पावसापेक्षा जास्त’ ही दोन्ही उत्तरं आहेत. ठरवणारी गोष्ट होती पायाखालची जमीन. २०१७ मध्ये कर्नाटक सरकारने राज्यात निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. धोरणाला एक ओळ लागते, ‘लावा’ किंवा ‘लावू नका’. ती ओळ कुठल्या जमिनीला लागू पडते आणि कुठल्या नाही, हे सांगणं आपलं काम.

चौथी गाळलेली जागा: कोणत्या जमिनीत.

आता कन्हान

कन्हानला येऊ आणि चारही जागा भरून बघू.

जात. झाडाजवळ जा, कळ्या आणि फळं गोळा करा. ग्लोब्युलसची फळं मोठी, दीड-दोन सेंटिमीटरची, बहुधा एकेकटी, खरखरीत, आणि कोवळी पानं निळसर, मेणचट. टेरेटिकॉर्निसच्या कळ्या लहान, झुपक्यात, आणि टोपी लांबट निमुळती. नावाचा अर्थच ‘गोल शिंग’. कॅमाल्डुलेन्सिसच्या टोपीला सहसा चोच असते. संकर आणि क्लोन असतील तर नुसत्या डोळ्यांनी भागणार नाही, रोप कुठल्या रोपवाटिकेतून आणलं आणि क्लोनचा नंबर काय, हे शेतकऱ्याला विचारा. नमुना दाबून, वाळवून विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ओळख पटवून घ्या. या एका कामामुळे तुमच्या प्रबंधाला दहा वर्षांनंतरही कोणी तपासू शकेल.

नावांचा आणखी एक घोळ. लिंबासारखा वास येणारी निलगिरी पूर्वी युकॅलिप्टस सिट्रिओडोरा होती. १९९५ मध्ये तिला कोरिंबिया या वेगळ्या प्रजातीत टाकलं. एकाच नावाने शोधाल तर अर्धं साहित्य हातून निसटेल. दोन्ही नावांनी शोधा.

वय. लागवडीचं वर्ष आणि आतापर्यंत किती तोडण्या झाल्या, दोन्ही लिहा.

तुलना. शेजारी काय आहे? कापूस, सोयाबीन, धान, पडीक, की सागाचं जंगल? साग उन्हाळ्यात पानं टाकतो, म्हणजे आपला खर्च स्वतःच आवरतो. निलगिरी मे महिन्यातही हिरवी असते. खाली पाणी मिळत असेल तर ती वापरत राहील. नेमक्या त्याच महिन्यात विहिरीची पातळी सगळ्यात खाली असते. म्हणून वार्षिक सरासरीपेक्षा उन्हाळ्याचे आकडे वेगळे काढणं इथे जास्त महत्त्वाचं.

जमीन. इथे आपला भाग अभ्यासासाठी श्रीमंत आहे. नदीकाठी गाळाची माती, कामठी-कन्हानच्या पट्ट्यात ‘कामठी वालुकाश्म’ नावाने भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत गेलेला, पाणी चांगलं धरणारा खडक, आणि नागपूरच्या पश्चिमेकडे काळ्या मातीखाली कठीण बेसाल्ट. काल्डर यांचा अभ्यास खरा मानला तर या तीन ठिकाणी एकच क्लोन तीन वेगळी उत्तरं देऊ शकतो. हे माझं अनुमान आहे, निष्कर्ष नाही. पण तपासता येईल असं अनुमान आहे, आणि चांगल्या सिनॉप्सिसला तेच लागतं.

आणि पाचवी जागा: दुसरं कोण पाणी ओढतंय?

ही जागा पानठेल्यावरच्या वाक्यात कधीच नसते. कन्हानच्या आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत. खाणीत पाणी साचू नये म्हणून ते उपसावं लागतं, आणि अशा उपशाने भोवतालची भूजलपातळी खाली जाऊ शकते. त्यात बोअरवेल वाढल्या. नदीतली वाळू उपसली तर काठच्या विहिरींवरही परिणाम होऊ शकतो. एखादं वर्ष पाऊसच कमी.

समजा एका शेतकऱ्याने २०१० मध्ये निलगिरी लावली आणि २०१५ मध्ये विहीर आटली. कारण झाड की खाण की शेजारची ३०० फुटांची बोअर? नुसतं ‘आधी’ आणि ‘नंतर’ बघून कळणार नाही. म्हणूनच ग्लेनमॉर्गनला आधी काही वर्षं मोजलं आणि शेजारी न बदललेला पाणलोट ठेवला. तुम्हाला पाणलोट मिळणार नाहीत, ठीक आहे. पण खाणीपासून सारख्या अंतरावरच्या, सारख्या खडकातल्या, निलगिरी असलेल्या आणि नसलेल्या विहिरींच्या जोड्या निवडता येतील.

पैसे नाहीत, उपकरणं नाहीत, ही अडचण खरी आहे. पण बरीच माहिती आधीच मोजलेली आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. केंद्रीय भूजल मंडळाचं प्रादेशिक कार्यालय नागपुरातच आहे. मातीच्या नकाशांसाठी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो अमरावती रोडवर आहे. सॅटेलाइटच्या जुन्या चित्रांवरून लागवड साधारण कोणत्या वर्षी झाली तेही काढता येतं. अर्ज करायचा, चकरा मारायच्या, आकडे मिळवायचे. हे काम प्रवेश मिळण्याआधीही सुरू करता येतं.

तर शीर्षक काय लिहायचं?

‘निलगिरी लागवडीचा भूजलावरील परिणाम’ याच्या जागी असं काही बघा: ‘कन्हान खोऱ्यातील वालुकाश्म व बेसाल्ट क्षेत्रांत, दुसऱ्या तोडणीनंतरच्या निलगिरी क्लोन लागवडीजवळील विहिरींच्या उन्हाळी पातळीची कापूस क्षेत्रातील विहिरींशी तुलना’. लांबलचक आहे, कबूल. पण यातला प्रत्येक शब्द कोणत्या तरी अभ्यासातून शिकून आलेला आहे. ‘दुसऱ्या तोडणीनंतरच्या’ हे ऊटीने शिकवलं. ‘वालुकाश्म व बेसाल्ट’ हे होसकोटेने. ‘कापूस क्षेत्रातील विहिरींशी’ हे गवताळ माळाने. आणि वय लिहिल्याशिवाय जंगलाविषयी बोलू नये, हे मेलबर्नच्या त्या थंड डोंगरांनी.

तुमच्या उत्तराची वाट बघणारी माणसं आहेत, हेही विसरू नका. दोन एकरवाला शेतकरी मजूर मिळत नाही म्हणून निलगिरी लावतो, चार-पाच वर्षांनी एकरकमी पैसा हातात येतो, त्यात पोरीचं लग्न किंवा पोराची फी निघते. त्याच्या शेजाऱ्याची विहीर चाळीस फुटांवर असते आणि त्याला मे महिन्यात गुरांना पाणी पाजायचं असतं. ‘निलगिरी वाईट’ म्हटलं तर पहिला बुडतो, ‘निलगिरी चांगली’ म्हटलं तर कदाचित दुसरा. ‘या जमिनीत, विहिरीपासून इतक्या अंतरावर, इतक्या तोडण्यांपर्यंत चालेल’ असं सांगता आलं, तर दोघांनाही बांधावर बसून बोलता येईल.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी एक करा. तुमच्या विषयाचं एका ओळीचं वाक्य कागदावर लिहा आणि त्याला पाच प्रश्न विचारा: नेमकं कोण? कोणत्या वयाचं? कशाच्या तुलनेत? कुठल्या जमिनीवर? आणि दुसरं कोण तेच करतंय? विषय निलगिरीचा नसला, मासे असोत की मधुमेह, थोड्या फरकाने हेच पाच प्रश्न लागू पडतात. ज्या प्रश्नाशी तुम्ही अडाल, तिथून तुमचं वाचन सुरू होतं.